सुई टोचता, मग कारणही सांगा

मैत्रिणींनो, उपकेंद्रासमोरची लसीकरणाची रांग आपल्या ओळखीची आहे. मजुरी बुडवून बाई तान्ह्याला घेऊन येते. तारीख चुकली असेल तर बोलणी खाते. पण लस कशासाठी, बाळाच्या अंगात आता काय घडणार, हे तिला क्वचितच सांगितलं जातं. काही आठवड्यांनी दंडावर बीसीजीची पुळी येते, फुटते, आणि ती घाबरून जाते. लस कामाला लागल्याची ती खूण आहे, तिला काही लावू नको, आपोआप बरी होईल, एवढं सांगायला किती वेळ लागतो?

बाळ जन्माला येतं ते आईची शिदोरी घेऊन. वारेतून आईच्या रक्तातली प्रतिद्रव्यं त्याला मिळालेली असतात. ती काही महिन्यांत संपत जातात. त्याआधी बाळाच्या स्वतःच्या पेशींना रोगाची ओळख करून देणं, हे लसीचं काम. म्हणून जन्मतःच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि २४ तासांच्या आत कावीळ-ब ची लस. गोवराची लस मात्र नऊ महिने पुरे झाल्यावर. कारण त्याआधी दिली तर आईकडून आलेली प्रतिद्रव्यंच लसीतल्या विषाणूला निकामी करू शकतात.

ही अडचण ओलांडण्यासाठी १९८० च्या दशकात गोवराची बरीच तीव्र लस तयार झाली. ती नऊ महिन्यांच्या आतच देता येत होती. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारसही केली. पण सेनेगल, गिनी-बिसाऊ आणि हैतीमधल्या अभ्यासांत दिसलं, की ही लस घेतलेल्या मुली नेहमीची लस घेतलेल्या मुलींपेक्षा पुढच्या काळात जास्त दगावल्या. मुलग्यांत तसा फरक दिसला नाही. १९९२ साली ती लस थांबवली गेली. असं का झालं, यावर शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही.

याचा अर्थ लस टाळा, असा मुळीच नाही. आज आपल्या बाळांना मिळते ती तीव्र लस नव्हे. नेहमीच्या गोवर लसीने जगभर लाखो जीव वाचवले आहेत. मुद्दा वेगळा आहे. मुली आणि मुलगे वेगळे मोजले, म्हणूनच हे उघड झालं. एकत्र बेरजेत मुलींचे मृत्यू झाकले गेले असते. आपल्याकडे तर मुलगी दगावली की नशिबाला किंवा आईला बोल लावून मोकळे होतात!

म्हणून आपल्या मागण्या दोन. लसींच्या प्रत्येक अभ्यासात मुलींचे आकडे वेगळे मांडा, आणि ते लोकांपुढे ठेवा. आणि आईला बोलणी नकोत, तिच्या भाषेत कारणं हवीत. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी आपल्या गटातल्या दोघीतिघींनी रांगेत जाऊन बसावं, बायकांशी बोलावं. लस वेळेवर घ्यायची, आणि प्रश्नही विचारायचे.