ऋणातच राहू इच्छिणाऱ्यांस

मराठी विषयातला कोणताही पीएच.डी.चा प्रबंध घ्यावा आणि त्याचा ऋणनिर्देश वाचावा. ‘शोधगंगा’वर हजारो प्रबंध पडून आहेत, तेव्हा त्यासाठी आता ग्रंथालयाची पायरी चढण्याचीही गरज नाही. आरंभी मार्गदर्शक येतात, त्यांच्यामागून संस्थेचे अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख, मग ग्रंथपाल. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात घर येते. आईवडिलांचे आशीर्वाद, पत्नीची मोलाची साथ, मुलांच्या हक्काचा हिरावून घेतलेला वेळ, मित्रांचे वेळोवेळी लाभलेले सहकार्य. आणि मग ते वाक्य, ज्यावाचून मराठी प्रबंध पुरा होत नाही असा समज दृढ झाला आहे: यांचे आभार मानून त्यांना परके करण्यापेक्षा त्यांच्या ऋणातच राहणे मला अधिक आवडेल. त्याखाली अक्षरजुळणी करणाऱ्याचे आभार असतात. त्याला पानामागे पैसे मोजलेले असतात, आणि तरीही त्याचे आभार नावानिशी, रीतसर मानलेले असतात. ज्यांना काहीच दिलेले नसते त्यांचे मात्र मानलेले नसतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीत एक गमतीची तरतूद आहे. प्रबंधातील मजकुराचे साम्य तपासताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश वगळावेत असे तीत म्हटले आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीवरचा परिच्छेद उचलला तर तो गुन्हा. पण आईविषयीची कृतज्ञता दुसऱ्याच्या प्रबंधातून जशीच्या तशी उतरवून घेतली तरी टक्केवारीला धक्का लागत नाही. या सवलतीचा मराठी संशोधकांनी पुरेपूर लाभ घेतलेला आहे. आम्हीही घेतला आहे. हे लिहिणाऱ्या आम्हा चौघांपैकी तिघांच्या प्रबंधांत ते वाक्य थोड्याफार फरकाने आहेच, आणि तेव्हा ते लिहिताना आमचा कंठ दाटून आला होता, हेही कबूल केले पाहिजे.

तरीही ते वाक्य खोटे आहे असे आमचे म्हणणे आहे. आपल्या परंपरेत ऋण ही फेडायची गोष्ट आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही सारी कृतीने फेडायची. ऋणात राहणे ‘आवडते’ असे म्हणणारा ऋणको फक्त आमच्या प्रबंधांतच भेटतो. आणि धनकोला कोणी विचारले आहे? त्याला परतफेड हवी की नको, किती हवी, कोणत्या रूपात हवी, हे सारे ऋणकोच परस्पर ठरवून टाकतो, आणि वर त्या ठरवण्याला नम्रता म्हणतो.

घर आणि मित्र प्रबंधासाठी नेमके काय करतात? ‘मोलाची साथ’ या शब्दांमागे काय दडले आहे? मराठीच्या संशोधकाला जुनी नियतकालिके पाहावी लागतात. ती पुण्याच्या जयकर ग्रंथालयात, दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, नाहीतर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात असतात. नांदेडच्या किंवा गोंदियाच्या विद्यार्थ्याने तिथे जावे कसे आणि राहावे कुठे, याचे उत्तर कोणत्याही नियमावलीत नाही. ते उत्तर मावशीच्या दोन खोल्यांत असते, किंवा वसतिगृहातल्या मित्राच्या खोलीत. पुण्याच्या वसतिगृहांत अशा अनधिकृत रहिवाशाला ‘पॅरासाइट’ म्हणतात. त्या एका शब्दावर मराठी संशोधनाचा किती भार उभा आहे याचा हिशेब कोणी केलेला नाही. मित्र पलंग देतो, आपण जमिनीवर झोपतो, मेसचा अर्धा डबा देतो, आणि रेक्टरची फेरी आली की अंगावर पांघरूण टाकून लपवतो. ऋणनिर्देशात तो ‘मित्रपरिवार’ या सामासिक शब्दात विरून जातो.

घरातले काम याहून किचकट असते. टिपणांची वर्गवारी करणे, छायाप्रती लावणे, संदर्भसूची अकारविल्हे करणे, मुद्रिते तपासणे. श्रीलिपीत जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांचा जो चिवडा होतो तो ज्यांनी निस्तरला आहे त्यांना ‘साथ’ या शब्दाचा अर्थ अधिक नेमका कळेल. एका रात्रीत चाळीस पानांतले सगळे रफार जागेवर आणावे लागतात. आणि हे सगळे पोळ्या झाल्यावर, मुले निजल्यावर. २०१७ साली ब्रूस होल्सिंगर या अमेरिकी अभ्यासकाने इंग्रजी ग्रंथांच्या ऋणनिर्देशांतून अशीच टंकलेखन करणाऱ्या, बहुधा नावही न दिलेल्या पत्नींची उदाहरणे समाजमाध्यमावर मांडली, तेव्हा आपल्याकडेही पुष्कळांनी ती हसून वाचली. आपल्या कपाटातला प्रबंध काढून पाहिल्याचे मात्र ऐकिवात नाही.

आम्ही काढून पाहिला. आमच्यातील एकीने आणि तिच्या यजमानांनी एकाच वर्षी, एकाच विद्यापीठात नोंदणी केली होती. तिचा विषय जात्यावरच्या ओव्यांचा, त्यांचा साठोत्तरी कवितेचा. दुसऱ्या वर्षी मूल झाले. तिसऱ्या वर्षी सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. कोणी कोणाला ‘तू थांब’ असे म्हटले नाही. म्हणावेच लागले नाही. त्यांच्या प्रबंधाची संपूर्ण संदर्भसूची तिच्या हाताची आहे, आणि तिसऱ्या प्रकरणातला एक युक्तिवाद स्वयंपाकघरातल्या वादात तिनेच मांडलेला आहे. छापील ऋणनिर्देशात ‘माझी सहधर्मचारिणी सौ.’ एवढे झाल्यावर तिचे नाव आहे, आडनाव त्यांचे आहे, आणि ती स्वतः संशोधक होती याचा उल्लेख कुठेही नाही. पुढे ते वाक्य आहे. तिच्या नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपली. महिला संशोधकांना दोन वर्षांची वाढीव मुदत आणि २४० दिवसांची प्रसूती रजा आयोगाच्या २०१६च्या नियमांनी दिलेली आहे. ती मागावी लागते हे तिला कार्यालयात कोणी सांगितले नाही, आणि तिला विचारायला वेळ नव्हता. यजमान वाईट गृहस्थ नाहीत. हा लेख त्यांनी वाचला आहे आणि प्रसिद्ध करण्यास हरकत घेतलेली नाही.

इथे कोणी म्हणेल की हा घराघरातला प्रश्न आहे, त्यात विद्यापीठाला कशाला ओढता? उत्तर असे की, घराला यात विद्यापीठानेच ओढले आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती १ जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये झाली खरी, पण मराठी विभागांत ती मिळणारे विद्यार्थी बोटांवर मोजण्याजोगे. नेट नसलेल्यांना दरमहा ८,००० रुपयांची जी वृत्ती आयोगाने ठेवली ती केंद्रीय विद्यापीठांपुरती. राज्यातल्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले. डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी, पीएच.डी. करून हे काय दिवे लावणार, असा प्रश्न केला. पुढे दिलगिरीही व्यक्त झाली. दिव्याचे बिल कोण भरते हा प्रश्न मात्र सभागृहात कोणी विचारला नाही. बाकीचे तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि त्याचे मानधन वर्ष सरल्यावर येते. तोवर चूल कोणाच्या पगारावर पेटते? थोरल्या भावाच्या, बायकोच्या, वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या. अशा स्थितीत ‘कुटुंबाच्या पाठिंब्याने पीएच.डी. पूर्ण’ ही बातमी कौतुकाची वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्याला असे कुटुंब नाही, त्याच्याविषयी ती काय सांगते? त्याने नोंदणी करू नये, इतकेच. घरातून अशी पाठराखण नसलेल्या कितीजणांनी मध्येच सोडले, याचे ऋणनिर्देश कुठेही अपलोड होत नाहीत.

ऋण कसे नोंदवावे याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. तिथल्या पीएच.डी.चा ग्रंथ, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा, १९२५ साली प्रसिद्ध झाला. तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे, शिक्षणात त्यांनी केलेल्या साहाय्याचा स्पष्ट उल्लेख करून. त्याआधी १९२३मध्ये आलेला रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस आहे. शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले होते. १९२०मध्ये ते पुन्हा गेले ते साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर. त्या काळात परळच्या चाळीत रमाबाईंनी काय सोसले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. रमाबाई १९३५ साली गेल्या. काही वर्षांनी पाकिस्तानवरचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला, आणि त्या अर्पणपत्रिकेत त्यांच्या मनाच्या थोरवीबरोबर ते दिवस विवंचनेचे आणि मित्रहीन होते, हेही लिहिले. आमच्या मते तिचे मोल इथे आहे. तिथे ‘साथ’ एकटी येत नाही. ती कशात दिली, कशाच्या अभावी द्यावी लागली, तेही येते. आणि ज्या सत्तेने पैसे दिले तिचे आभार पैसे दिल्याबद्दल मानलेले आहेत, खुर्चीवर बसल्याबद्दल नव्हे.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या तेव्हा पती दिनकरराव पाठीशी होते, पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले होते, आणि विरोध होता तो साक्षात महर्षी कर्व्यांचा. कुटुंब म्हणजे एकजिनसी पाठिंबा नव्हे, हे यावरून लक्षात यावे. आमच्या ऋणनिर्देशांत मात्र विरोध करणारा सासरा कधीच नसतो.

प्रेमाचा असा जमाखर्च मांडायचा नसतो, हा आक्षेप आम्हाला अपेक्षित आहे. तो आम्हाला सर्वस्वी अमान्यही नाही. आईने डबा पाठवला त्याची पावती फाडावी असे कोण म्हणेल? पण प्रबंध हा पुराव्याचा ग्रंथ आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका अंकातला मजकूर कुठल्या पानावर आहे हे तळटीप देऊन सांगणाऱ्या माणसाला, आपली तळटीप कोणी लिहून काढली हे सांगताना एकदम काव्य सुचावे, हे आम्हाला संशयास्पद वाटते. आणि हिशेबाची ही लाज एकाच बाजूची आहे. पदवी मिळाल्यावर वेतनवाढीचा हिशेब आम्ही सारेच अचूक करतो.

ओव्यांवर काम करणाऱ्या आमच्या त्या सहकारी स्त्रीने गेल्या वर्षी नव्याने नोंदणी केली. पहिले प्रकरण लिहिण्याआधी तिने ऋणनिर्देश लिहिला. त्यात जाऊबाईंनी मूल किती महिने सांभाळले, मैत्रिणीच्या खोलीत किती रात्री काढल्या, यजमानांनी कोणत्या प्रकरणाची मुद्रिते तपासली, विद्यापीठाकडून काय मिळाले आणि किती उशिरा मिळाले, हे सारे आकड्यांनिशी आहे. मार्गदर्शकांनी ते पान वाचले आणि एवढे तपशील कशाला, असे विचारले. पान तिने तूर्त तसेच ठेवले आहे. जाऊबाईंनी मात्र ते दोनदा वाचले, आणि मूल अकरा नव्हे, चौदा महिने सांभाळले होते, अशी दुरुस्ती सुचवली.