यीस्ट आणि भाकरी: चुकीच्या रकान्यांतली तुलना

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आहारविषयक तक्त्यांपैकी एक प्रकार मला विशेष खटकतो. एका रकान्यात शंभर ग्रॅम सुके यीस्ट, दुसऱ्यात शंभर ग्रॅम तांदूळ. यीस्टमध्ये प्रथिने सुमारे ४० ग्रॅम, तांदळात ८. यीस्टमध्ये ब-१ जीवनसत्त्व, म्हणजेच थायमिन, सुमारे ११ मिलिग्रॅम. पांढऱ्या तांदळात ०.०५. मग निष्कर्ष निघतो की खमिराचा पाव पौष्टिक आणि आपली बिनखमिरी भाकरी केवळ पोट भरण्यापुरती. दुसऱ्या बाजूलाही उत्साह कमी नाही. तिथे पाव परका ठरतो, भाकरी अस्सल ठरते आणि पौष्टिकतेचा विचार तिथेच संपतो.

हे आकडे चुकीचे नाहीत, पण त्यांची मांडणी दिशाभूल करणारी आहे. मी दहिवलीची, म्हणजे उल्हास नदीकाठच्या भातशेतीच्या मुलखातली. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून माझे मत असे आहे की रायगडच्या ताटात खमीर आले की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. धान्यावरचा कोंडा केव्हा आणि किती गेला, हा मुख्य प्रश्न आहे. हा धागा त्याविषयी.

आधी प्रमाण पाहू. शंभर ग्रॅम यीस्ट कोणी खात नाही. पाव करताना शंभर ग्रॅम पिठाला साधारण एक-दीड ग्रॅम सुके यीस्ट लागते. म्हणजे एका ग्रॅममागे प्रथिने अवघी ०.४ ग्रॅम. खाण्याच्या सोड्याची तर गोष्टच सोडा: त्यात ना प्रथिने ना जीवनसत्त्वे, आहे ते फक्त सोडियम, शिवाय सोड्याच्या अल्कधर्मामुळे पिठातले थायमिन नष्ट होते.

मग कोकणात भाकरी बिनखमिरी का राहिली? उत्तर धर्मात किंवा दारिद्र्यात शोधण्याआधी परातीत शोधावे. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते. त्याच्या लवचीक जाळ्यात खमिराचा वायू अडकतो आणि पाव फुगून तसाच राहतो. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बाजरी यांत ग्लुटेन नाही. तांदळाच्या पिठात कितीही यीस्ट घातले तरी वायू निसटून जातो. म्हणून आपल्याकडे पिठाची उकड काढतात: गरम पाण्याने पिष्ट फुलते, चिकट होते आणि भाकरी थापता येते. तव्यावरून विस्तवावर टाकली की ती टम्म फुगते, पण ती वाफेने. त्या फुगण्याचा आणि खमिराचा काही संबंध नाही.

आंबवणे कोकणाला अपरिचित होते असे मात्र कोणी समजू नये. आंबोळी आहे, ताकात भिजवलेल्या नाचणीच्या पिठाची आंबील आहे. आंबवण्याची क्रिया भाकरीत नव्हती, तिच्या शेजारच्या भांड्यात होती. आंबवण्याचा खरा पौष्टिक लाभही येथेच समजून घ्यावा. अख्ख्या धान्यातील फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवते. आंबताना त्या आम्लाचे विघटन होते आणि ही खनिजे शरीराला अधिक मिळतात. धान्य जितके अख्खे, तितका आंबवण्याचा हा उपयोग मोठा.

या शेजारच्या भांड्याचा एक सुंदर पुरावा रायगडातच आहे. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्रायल शतकानुशतके राहिले. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’. खमिराचा विचार ज्यू परंपरेइतका काटेकोरपणे क्वचितच कोणी केला असेल. वल्हांडणाच्या दिवसांत गहू, जव अशा पाच धान्यांचे खमीर घरात ठेवायचे नाही. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत रोटी भाजून व्हायला हवी. तांदूळ मात्र या पाचांत येत नाही. तो भिजवून ठेवला तर कुजतो, खमिरासारखा फुगत नाही, हे निरीक्षण तालमूदकारांनीच नोंदवलेले आहे.

आता हा नियम घेऊन भाकरी खाणाऱ्या मुलखात राहायचे म्हटल्यावर घराबाहेर काय काढणार? हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये. त्यात या सणाचे कोकणातले नाव येते: ‘अनाशी ढाकाचा सण’. ‘अनास’ म्हणजे तोंडी लावण्याच्या आंबट पातळ पदार्थाचे भांडे. त्या दिवसांत ते झाकून ठेवायचे. भाकरीत खमीर नव्हतेच, तेव्हा झाकले गेले ते आंबटाचे भांडे. कोकणातल्या भाकरीविषयी इतकी नेमकी साक्ष मला दुसरी आढळलेली नाही.

पावाचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. ‘पाव’ हा पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दावरून आलेला आहे; पायांनी मळतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती आता तरी विसरावी. गोव्यात पोदेरांनी खमिरासाठी माडाची सूर वापरली. मुंबईत बेकऱ्या वाढल्या, आणि आज कर्जत स्थानकावर गाडी थांबली की वड्यासोबत पाव येतोच. मला त्यात काही आक्षेपार्ह वाटत नाही. फक्त त्या पावाची पौष्टिकता यीस्टच्या रकान्यातून मोजू नये.

आता यीस्टच्या बाजूने जे न्यायाने बोलायला हवे ते बोलते, कारण त्याचा सर्वांत मोठा अध्याय परळला लिहिला गेला. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गर्भवती स्त्रियांमधील, विशेषतः गरीब कापडगिरणी कामगारांतील, प्राणघातक रक्तक्षयाचे कारण शोधण्याचे काम तिच्याकडे होते आणि हाफकिन संस्था हे तिचे केंद्र होते. प्राण्यांवर आणि मग रुग्ण स्त्रियांवर प्रयोग करता करता तिला आढळले की मार्माइट, म्हणजे मद्यनिर्मितीतून उरलेल्या यीस्टचा स्वस्त अर्क, दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो. १९३१ मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्यातल्या अज्ञात घटकाला पुढे ‘विल्स घटक’ म्हटले गेले. आज आपण त्याला फोलेट म्हणतो. पाव फुगवणारे यीस्ट आणि हे यीस्ट एकाच जातीचे.

म्हणजे यीस्ट पौष्टिक आहे यात शंका नाही. पण परळच्या त्या स्त्रियांना ते औषधाच्या मात्रेत मिळाले, पावातून नव्हे.

आता गिरणीकडे वळू. कापडाच्या नव्हे, भाताच्या. १८९० च्या दशकात जावामध्ये ख्रिस्तियान आयकमान यांनी पाहिले की सडलेल्या पांढऱ्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो आणि कोंडा दिला की त्या सुधारतात. १९१२ मध्ये ‘व्हिटॅमिन’ हा शब्द देणाऱ्या काझिमिर फुंक यांनी ज्या दोन पदार्थांत तो गुणकारी घटक शोधला ते होते तांदळाचा कोंडा आणि यीस्ट. वरच्या तक्त्याने जे दोन रकाने एकमेकांविरुद्ध उभे केले, ते फुंक यांच्या प्रयोगशाळेत एकाच बाजूला होते. तक्त्यात कोंड्याचा रकानाच नाही, ही त्याची खरी उणीव.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत कोंड्यासकट असलेल्या शंभर ग्रॅम तांदळात थायमिन ०.२७ मिलिग्रॅम आहे. पॉलिश केलेल्यात ०.०५. फरक ०.२२. शंभर ग्रॅम पिठाला लागणारे एक ग्रॅम यीस्ट देते सुमारे ०.११, आणि त्यातलाही काही भाग भट्टीत जातो. खमिराने जे मिळाले असते त्याच्या दुप्पट गिरणीने आधीच काढून घेतलेले असते. पॉलिश तांदळाच्या पिठाची भाकरी निकस असेल तर तिच्यात खमीर नाही म्हणून नव्हे.

इथे एक हरकत येते आणि ती योग्य आहे. हातसडीच्या तांदळाचे गोडवे गाणे सोपे. मुसळ कोणाच्या हातात होते? पहाटे उठून उखळात भात सडणाऱ्या बायकांचे श्रम गिरणीने वाचवले. ते उखळ परत आणा असे म्हणण्याचा अधिकार मला तरी नाही, आणि तशी गरजही नाही. गिरणीत भात भरडून वरचे तूस काढणे आणि नंतर तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत घासणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीने श्रम वाचतात. दुसरी मुख्यतः दिसण्यासाठी आणि टिकण्यासाठी होते.

कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या वाणांनी कोकणातले उत्पन्न वाढवले, हे मोठेच काम. पण उत्पन्नाचा इतिहास लिहिला जातो, ताटाचा राहून जातो. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकत असे. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३६४ मिलिग्रॅम. पॉलिश तांदळात दहाही नाही. नाचणी मागे सरली आणि रेशनचा पांढरा तांदूळ पुढे आला, तो याच तालुक्यातील ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरही. तिथल्या मुलांच्या कुपोषणाच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. कुपोषणाचे कारण एकट्या तांदळात नाही; रोजगार, स्थलांतर, जमीन यांचा वाटा मोठा आहे. तरीही ताटात काय उरले आहे हे पाहिल्याशिवाय ती चर्चा पूर्ण होत नाही.

२०२१ च्या स्वातंत्र्यदिनी सरकारी योजनांतून पोषणयुक्त तांदूळ देण्याची घोषणा झाली. त्यात लोह, ब-१२ आणि फोलिक आम्ल मिसळणे बंधनकारक आहे. विल्सचा घटक असा परळहून नव्वद वर्षांनी रेशनच्या पिशवीत आला. थायमिन मिसळणे मात्र ऐच्छिक आहे. कोंडा काढायचा आणि मग त्यातले काही निवडक घटक कारखान्यात घालून परत द्यायचे, या व्यवस्थेचा इतिहास कोणीतरी नीट लिहायला हवा. तोवर पुढच्या वेळी यीस्ट आणि भाकरीचा तक्ता समोर आला, तर तो करणाऱ्याला एवढेच विचारा: तांदूळ कोणता घेतला होता, आणि पॉलिश किती?