नमुना ६ पोस्टाने पाठवा, पण पावती जपा!

२७ जानेवारी १९१९ रोजी साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. त्या काळी मत होते ते मालमत्तेला, कराला आणि शिक्षणाला. संविधानाच्या कलम ३२६ ने ही बंधने मोडून प्रत्येक प्रौढाला मत दिले. पण हे मत यादीत नाव असेल तरच वापरता येते, आणि नाव नोंदवण्यात आपला समाज मागे राहतो, ही आमची खंत आहे.

घाटकोपर-मुलुंडची घरकाम करणारी भगिनी, नाक्यावरचा मजूर, सफाई कामगार यांना निवडणूक कचेरीत जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवावी लागते. वास्तविक कायद्याने हा हेलपाटा सक्तीचा केलेला नाही. मतदार नोंदणी नियम, १९६० नुसार नमुना ६ चा अर्ज नोंदणी अधिकाऱ्याकडे पोस्टानेही पाठवता येतो. स्पीड पोस्टाची पावती हाती राहते. पोच न घेता कुणाच्याही हाती सोपवलेला अर्ज गहाळ झाला, तर दाद कशाच्या आधारे मागणार?

मात्र अर्ज पोस्टाने गेला म्हणजे नाव लागले, असे समजू नका. पडताळणीसाठी बीएलओ घरी येतो आणि त्या वेळी आपली माणसे कामावर असतात. म्हणून शेजाऱ्याला सांगून ठेवा, दारावर मोबाईल नंबर लिहा.

ज्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ च्या गोळीबारात १० जण शहीद झाले, तेथे आता पुनर्विकास हाती घेण्यात आला आहे. घरे सोडून कुटुंबे भाड्याने पांगली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २२ प्रमाणे स्थलांतराच्या कारणाने नाव वगळण्यापूर्वी मतदाराचे म्हणणे ऐकावे लागते. तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपत नाही, हे कलम २० सांगते. पण पाडलेल्या घराच्या पत्त्यावर आलेली नोटीस कुणाच्या हाती पडणार? म्हणून टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज टपाल कचेरीत द्या. मुक्काम कायमचा हलला असेल तर नमुना ८ भरा.

हे भय काल्पनिक नाही. २०२५ साली बिहारमध्ये विशेष सखोल पुनरीक्षणाच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे बाहेर राहिली. ती कारणांसह जाहीर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला १४ ऑगस्ट रोजी द्यावा लागला.

आमचे कार्यकर्त्यांना आवाहन आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर तासभर टेबल मांडा. अर्ज भरून द्या, वयाच्या व पत्त्याच्या पुराव्यांच्या प्रती जोडा, पावत्यांची वही ठेवा आणि नाव यादीत छापून येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. अर्ज फेटाळला गेला तर कलम २४ खाली अपील आहे. त्या दिवशी हीच वही आमच्यासारख्या वकिलाच्या हाती द्या. जयंतीच्या मिरवणुकीत लाखो जमतात. तेवढे सगळे यादीत दिसले पाहिजेत!