प्रयोगशाळेच्या खिडकीतून : मखराचा ठोकळा



गणपतीच्या सजावट समितीने यंदा आमच्याकडे दोन प्रश्न धाडले आहेत. मखरासाठी एकसारख्या शंभरेक कमळपाकळ्या हव्या आहेत. थर्माकोल नको यावर एकमत आहे; महाराष्ट्रात तर सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ सालीच बंदी आली. प्लास्टिकच्या पत्र्यातून व्हॅक्यूम फॉर्मिंगने पाकळ्या काढायच्या, तर त्यासाठी ठोकळा कशाचा करावा? आणि ओतकामाला मुलांना बसवावे का? पहिल्याचे उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचे दोन अक्षरांत संपते : नको. कारण पुढे येईलच.

व्हॅक्यूम फॉर्मिंग आपण रोज पाहतो. फ्रीजचे आतले पांढरे अस्तर किंवा बिस्किटांच्या पुड्यातला खाचांचा ट्रे असाच बनतो. पत्रा तापवून मऊ करायचा, ठोकळ्यावर पसरायचा आणि खालची हवा ओढून घ्यायची. मग बाहेरची हवाच त्याला दाबून बसवते. हा दाब कमी समजू नका. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर तो टनाच्या आसपास भरतो, म्हणून ठोकळा भरीव हवा.

पेणला मूर्ती साच्याच्या आत घडते. इथे वस्तू ठोकळ्याच्या बाहेरून घडते आणि नंतर उचलून काढावी लागते. भाताची मूद वाटीतून का सुटते? वाटी तोंडाशी रुंद असते म्हणून. ठोकळ्याच्या बाजूंनाही तसाच तीन ते पाच अंशांचा उतार ठेवा. तांब्याच्या गळ्यासारखा आकार दिलात तर पत्रा तिथे अडकून बसेल. खोलगट कोपऱ्यांत मिलिमीटरभराची भोके पाडा, नाहीतर हवा अडकून नक्षी बोथट उठते.

आता पदार्थ. दहा-वीस नगांसाठी नीट वाळवलेले प्लास्टर पुरते. ते स्वस्त असते आणि उष्णताही सोसते, पण त्याच्या कडा लवकर उडतात. शंभर नग काढून तोच ठोकळा पुढच्या वर्षीही वापरायचा असेल, तर इपॉक्सी घ्यावे. अ‍ॅरल्डाइट आणि एम-सील याच कुळातले. पिएर कास्टान या स्विस रसायनज्ञाने १९३०च्या दशकात कवळ्यांच्या कामासाठी हे रेझिन शोधले. घट्ट होताना ते फार आकसत नाही, म्हणून कवळीला चालते आणि साच्यालाही.

इपॉक्सीचे दोन भाग असतात, रेझिन आणि हार्डनर. अनेकांना वाटते, हार्डनर म्हणजे विरजण; थोडे जास्त घातले की लवकर लागेल. तसे नाही. ही फुगडी आहे. प्रत्येकाला जोडीदार लागतो. जास्तीचा हार्डनर जोडीवाचून उरतो आणि ठोकळा मऊ, चिकट राहतो. डब्यावरचे प्रमाण वजनाचे की मापाचे ते वाचा आणि वजनाचे असेल तर काट्यावर तोला.

ही फुगडी स्वतःची उष्णता निर्माण करते. बहारीनमध्ये खरी अडचण इथेच आहे. डब्यावर लिहिलेला ‘अर्ध्या तासाचा’ अवधी साधारण २५ अंशांचा असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे ऑगस्टच्या दुपारी ४५ अंशांच्या गॅरेजमध्ये तुमच्या हाती सात-आठ मिनिटेच उरतात. त्यात किलोभर मिश्रण एकाच भांड्यात ठेवले, तर उष्णता बाहेर पडत नाही. मिश्रण धुमसते, तडकते, प्लास्टिकचे भांडे वितळते. तेव्हा एसी लावलेल्या पण हवा खेळत्या खोलीत काम करा, थोडे थोडे कालवा आणि डब्यावर दिलेल्या जाडीचेच थर ओता. दमट हवेत वर मेणचट थर आला, तर कोमट साबणपाण्याने पुसून मगच पुढचा थर द्या.

मधला भाग वाळूने भरला तर रेझिन वाचते आणि उष्णताही आवरते. वाळूला इथे तोटा नाही, पण समुद्रकाठची नको; तिच्यात मीठ आणि ओल असते. धुतलेली, पूर्ण वाळलेली घ्या. वरच्या थरासाठी अ‍ॅल्युमिनियम मिसळलेले, उष्णता सोसणारे तयार रेझिन मिळते. सुमारे १५० अंशांचा पत्रा पुनःपुन्हा अंगावर येतो आणि साधे इपॉक्सी ५०-६० अंशांतच नरम पडू लागते. अ‍ॅल्युमिनियम ती उष्णता चटकन पसरवते. १९७१ पासून अ‍ॅल्युमिनियम गाळणाऱ्या अल्बाच्या या बेटावर त्याचे गुण आम्ही वेगळे काय सांगावेत! मात्र सुटी पूड घरी आणून मिसळू नका. तिची हवेत उडालेली धूळ पेट घेऊ शकते. दोन नगांमध्ये ठोकळ्याला निवू द्या.

आता मुलांचे. कच्चे रेझिन आणि हार्डनर यांची त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, दहाव्या दिवशीही नाही. मग एकदा खाज आणि पुरळ सुरू झाले की शरीर ते सहसा जन्मभर विसरत नाही. पुढे नखाएवढा थेंबही पुरतो. आमच्या व्यवसायात यापायी काम बदलावे लागलेले लोक असतात. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाती हे ओझे आपण का द्यावे? मोठ्यांनीही नायट्राईलचे हातमोजे घालावेत. हाताला लागलेले थिनरने पुसू नये, साबणाने धुवावे; थिनर ते कातडीत आणखी मुरवतो. घासकाम मास्क लावूनच करा.

आमचा सल्ला असा : मूळ पाकळी मुलांनी शाडूत घडवावी, ओतकाम चार मोठ्यांनी करावे, आणि निघालेल्या पाकळ्या पुन्हा मुलांनी रंगवाव्यात. शेवटची विनंती. या पाकळ्याही प्लास्टिकच्याच आहेत. विसर्जनानंतर त्या खोक्यात नीट रचून ठेवल्या आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा लावल्या, तरच थर्माकोल सोडल्याला काही अर्थ आहे. खोके कोणाच्या घरी राहणार, ते ओतकामाच्या आधी ठरवा.