आधारवर ‘औंढे’, ॲपमध्ये नुसतं ‘पुणे’: गाव मध्येच कुठे गळतं?

गेल्या महिन्यात मी एका ॲपवर खातं उघडलं. आधारवरून केवायसी दोन मिनिटांत झालं, ‘पुढे’ दाबलं आणि विसरून गेलो. पंधरा दिवस झाले तरी कार्ड आलं नाही. प्रोफाइल उघडून बघतो तर घर आहे, ‘पुणे’ आहे, पिनकोड आहे, पण गावच नाही! मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याचा, तालुका मावळ. पुणे शहर इथून साठेक किलोमीटर. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: “सर, आधार अपडेट करून घ्या.”

आधार तर बरोबर होतं. मग चूक कोणाची?

फाइल आणि फॉर्मच्या मधली जागा

ऑफलाइन ई-केवायसी असो की डिजिलॉकरमधला ई-आधार, ॲपकडे तुमची माहिती एक्सएमएल फाइल म्हणून जाते. या फाइलीत प्रत्येक माहितीला नाव लावलेलं असतं. पत्त्यासाठी ‘हाउस’, ‘स्ट्रीट’, ‘लँडमार्क’, ‘व्हीटीसी’ (म्हणजे गाव किंवा शहर), ‘सबडिस्ट’ (तालुका), ‘डिस्ट’ (जिल्हा), ‘पीसी’ (पिनकोड) असे वेगवेगळे कप्पे.

ॲपच्या आत मात्र डेव्हलपरने स्वतःचा साचा बनवलेला असतो. त्याला ऑब्जेक्ट म्हणतात आणि त्यातल्या कप्प्यांना फील्ड. फाइलीतला कोणता कप्पा कोणत्या फील्डमध्ये ओतायचा हे ठरवणं म्हणजे मॅपिंग.

आता समजा साच्यात ‘पत्ता’, ‘शहर’, ‘राज्य’, ‘पिन’ एवढीच फील्ड आहेत. डेव्हलपरने ‘शहर’मध्ये जिल्हा ओतला आणि गावाला जागाच ठेवली नाही, तर गाव गळतं. गंमत म्हणजे एररही येत नाही. जावामधलं जॅक्सबी किंवा डॉटनेटमधलं एक्सएमएल सीरियलायझर ओळखीचं फील्ड सापडलं नाही, तर मुळात ती माहिती गुपचूप सोडून देतं. शिवाय एक्सएमएलमध्ये इंग्रजी लहान-मोठी लिपी वेगळी धरतात. एक अक्षर चुकलं की फील्ड रिकामं.

शहरात राहणाऱ्याला हे कळतही नाही, कारण त्याचं शहर आणि जिल्हा बहुतेक वेळा एकच असतं. फटका बसतो तो गावाकडच्यांना.

नावाचंही तेच

आधारच्या फाइलीत नाव एकाच कप्प्यात सलग असतं. ॲपला मात्र नाव, मधलं नाव, आडनाव वेगळं हवं असतं. मग स्पेस दिसली की तोडा! आपल्याकडे कुणाच्या आधारवर आडनाव आधी असतं, कुणाचं वडिलांचं नावच नसतं. तुकडे चुकीच्या फील्डमध्ये गेले की पॅनवरच्या नावाशी जुळत नाही आणि केवायसी अडकतं.

मग डिजिटल सही कशासाठी?

या फाइलीवर डिजिटल सही केलेली असते. फाइलीत मध्ये कोणी फेरफार केला नाही, एवढी खात्री ती सही देते. मॅपिंग त्यानंतर होतं. म्हणजे सही फाइलीची असते, ॲपच्या फॉर्मची नाही. ‘आधार व्हेरिफाइड’ अशी हिरवी खूण दिसत असतानाही खालचा पत्ता चुकीचा असू शकतो.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तुमच्याबद्दल निर्णय घेण्यासाठी डेटा वापरायचा असेल तर तो पूर्ण आणि अचूक ठेवणं ही कंपनीची जबाबदारी, आणि दुरुस्ती मागणं हा तुमचा हक्क, असं हा कायदा सांगतो. पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला नियमांनंतर १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर डोळे उघडे ठेवायचं काम आपलंच.

तुम्ही काय कराल?

‘कन्फर्म’ दाबण्याआधी गाव, तालुका आणि नावाचा क्रम वाचा. चूक दिसली तर स्क्रीनशॉट काढा. आधी आधार कार्ड बघा. तिथे बरोबर असेल तर केंद्रावर रांग लावून फी भरू नका. तक्रार ॲपकडे करा आणि स्पष्ट लिहा: “आधारमध्ये गाव आहे, तुमच्या फॉर्ममध्ये आलेलं नाही.” मी असंच लिहिलं. चार दिवसांत पत्ता दुरुस्त झाला, आणि कार्ड औंढ्यात पोचलं.