नाव कॉन्ट्राचं, पण जोडी कुठाय?

सुट्ट्या लागल्या की नांदेड-परभणीकडची भावंडं नामपल्ली स्टेशनवर उतरतात आणि दुसऱ्याच दिवशी घरात प्रश्न येतो, "दोघांनी मिळून खेळायला काय आहे?" मग ऑनलाइन शोधाशोध, आणि एखादं ओळखीचं नाव दिसलं की पटकन खरेदी. म्हणून आज 'खेळघर'मध्ये अशाच एका ओळखीच्या नावाबद्दल बोलू. ते नाव म्हणजे 'कॉन्ट्रा'.

तुमच्या आई-बाबांना किंवा मामा-काकांना हे नाव नुसतं सांगून बघा, चेहरा उजळेल. जपानच्या कोनामी कंपनीने हा गेम १९८७ मध्ये आर्केडसाठी काढला आणि १९८८ मध्ये तो निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. आपल्याकडे बहुतेकांनी खरं निन्टेन्डो कधी पाहिलंही नव्हतं. नव्वदच्या दशकात तसलीच नकली यंत्रं टीव्हीला जोडली जायची आणि '६४ इन १' लिहिलेल्या कॅसेटमधून कॉन्ट्रा सुरू व्हायचा. त्या यादीत एकच कॉन्ट्रा चार-पाच वेगवेगळ्या नावांनी असायचा, तरी कुणाची तक्रार नसायची.

त्या खेळाचे नियम एका दमात सांगता येतात. लाईफ तीन. एक गोळी लागली की एक लाईफ गेली. पडद्यावर दोघं, बिल आणि लान्स, आणि दोघांना एकाच चौकटीत राहायचं. तिसऱ्या स्टेजमधला धबधबा आठवतो का विचारा. पुढचा खेळाडू उड्या मारत वर गेला की पडदाही वर सरकायचा आणि मागे राहिलेला खालच्या कडेला मरायचा. "थांब ना रे!" हे वाक्य त्या धबधब्यावर घरोघरी ओरडलं गेलं असणार. थांबायचं कधी, 'एस' अक्षराची ती पाच गोळ्या फेकणारी बंदूक कुणी घ्यायची, हे सगळं शेजारी बसलेल्या माणसाशी भांडून ठरवावं लागे. खेळ अवघड होता, पण हरल्यावर आपण का हरलो ते लगेच कळायचं.

आता २०१९ कडे येऊ. त्या सप्टेंबरात कोनामीने 'कॉन्ट्रा: रोग कॉर्प्स' काढला. देवनागरीत लिहिलं की 'रोग' हा शब्द आजारासारखा वाचला जातो, आणि गेम खेळलेले अनेक जण म्हणतील की ते काही फारसं चुकीचं नाही. यात बिल-लान्सऐवजी चार नवी पात्रं आहेत. त्यातलं एक चक्क पांडा आहे. बहुतेक वेळा मैदान वरून दिसतं. बंदूक थोडा वेळ चालवली की तापते, मग ती थंड होईपर्यंत पळत राहायचं. एका गोळीत मरणं गेलं, त्याजागी आरोग्याची पट्टी आली. शत्रूंकडून सुटे भाग गोळा करायचे, बंदुका सुधारायच्या आणि शस्त्रक्रिया करून पात्राच्या शरीरातले अवयवसुद्धा बदलायचे! एकाच पडद्यावर सोबत खेळायची सोय आहे, पण सगळ्या खेळाला नाही, काही भागांपुरतीच.

कुणी म्हणेल, जुन्या लोकांना नवं काही रुचतच नाही. पण तसं नाही. वरून दिसणारी स्टेज तर १९९२ च्या 'कॉन्ट्रा ३'मध्येही होती आणि ती लोकांनी आनंदाने खेळली. इतकंच काय, 'कॉन्ट्रा ३'चे दिग्दर्शक नोबुया नाकाझातो हेच 'रोग कॉर्प्स'मागेही होते. म्हणजे माणूस परका नव्हता, प्रयोगही नवखा नव्हता. गेली ती दोन माणसांची जोडी आणि एका गोळीचा धाक. हे दोन्ही काढल्यावर जे उरलं, त्यात करण्यासारखं पुष्कळ आहे, पण पुढच्या क्षणाची भीती नाही. तापलेली बंदूक थंड व्हायची वाट बघत बसण्यात कसली आली मजा?

आपल्या हैदराबादी भाषेत सांगायचं तर उस्मानिया बिस्किटाचं उदाहरण घ्या. कुणी त्यावर चॉकलेटचा थर दिला, आकार बदलला, तरी चालेल. पण ते गोड-खारट लागलं नाही आणि चहात बुडवता आलं नाही, तर डब्यावर उस्मानिया लिहून काय उपयोग?

मग नव्या यंत्रांवर जुना आनंद मिळणारच नाही का? मिळतो. मार्च २०२४ मध्ये वेफॉरवर्ड या स्टुडिओने कोनामीसाठी 'कॉन्ट्रा: ऑपरेशन गलुगा' बनवला. बिल-लान्स परतले, बाजूने दिसणारी धावपळ परतली. कथेचा खेळ दोघांना, आर्केड प्रकार चौघांपर्यंत, एकाच सोफ्यावर बसून खेळता येतो. नवशिक्यांसाठी आरोग्याची पट्टी आहे, आणि मामांना जुना हिशोब चुकवायचा असेल तर एका गोळीत मरण्याचा पर्यायही आहे. खेळ तसा लहान आहे, पण दुपार छान जाते.

तेव्हा मुलांनो, खरेदीआधी दोन गोष्टी नक्की तपासा. 'सोबत खेळता येतो' असं लिहिलं असेल तर ते एकाच घरात की फक्त इंटरनेटवरून? आणि पूर्ण खेळ की थोडाच भाग? शिवाय नुसती जाहिरात न बघता कुणीतरी दहा मिनिटं सलग खेळल्याचा व्हिडिओ बघा.

आणि गेम घरी आला की एक रिमोट मामा-मावशीच्या हातात द्या. वर वर खाली खाली, डावं उजवं डावं उजवं, बी, ए ही तीस लाईफची किल्ली त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे का, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या महिन्यात भेटूच!