आखाजीचा झोका आणि शिरगणतीचा आकडा

साऱ्या महाराष्ट्राची अक्षय्य तृतीया खानदेशात आली की तिची आखाजी होते. पितरांच्या नावे घागर भरली जाते, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य होतो, शेतावरील सालदाराचे वर्ष याच दिवशी संपते व नव्या वर्षाची बोली ठरते. परंतु जळगाव-धुळ्याकडील कोणत्याही घरी विचारावे, आखाजी कोणाची? उत्तर एकच मिळेल : लेकीची. मुऱ्हाळी धाडून तिला आणावयाचे, गौराई मांडावयाची, निंबाला झोका बांधावयाचा आणि चार दिवस तिच्याकडून कोणतेही काम करून घ्यावयाचे नाही. असोद्याच्या मातीत जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींनाही या सणावर गाणे रचावेसे वाटले, यात नवल ते काय!

अशा सणाच्या पानावर आकडेमोड कशाला, असे कोणी श्रद्धाळू वाचक म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. नित्याचे जगणे मोजून पाहणे ही अश्रद्धा नव्हे. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ या अभ्यासकांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या खेड्यापाड्यांतून गोळा केल्या, विषयवार लावल्या. त्यामुळे ओव्यांचे पावित्र्य उणे झाले नाही, उलट बायका पहाटे दळताना काय काय मनात आणीत होत्या ते आपणांस कळले. गाण्यातील लेकीची अशी मोजदाद होते, तर घरातील लेकीची का होऊ नये? ती झालेली आहे. आपण वाचलेली नाही, एवढेच.

२००१ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ साली ८४२ उरल्या. धुळे जिल्ह्यात याच दहा वर्षांत ९०७ वरून ८९८. निसर्गाचा हिशेब जगभर जवळपास सारखा आहे : हजार मुलगे जन्मतात तेव्हा सुमारे साडेनऊशे मुली जन्मतात. म्हणजे जळगावात हजारामागे सुमारे १०८ मुली कमी. जपमाळेच्या मण्यांइतका हा आकडा यावा हा निव्वळ योगायोग. पण तो डोळ्यांसमोरून हलत नाही. दुसऱ्या रीतीने सांगावयाचे तर, जेथे नऊ मुलींनी झोक्यावर बसावयाचे तेथे आठच बसतात.

आकडा कारण सांगत नाही, हे आम्ही जाणतो. काही मुलींची नोंद राहून गेली असेल, काही दुखण्यात दुर्लक्षिल्या गेल्या असतील. तथापि एवढी तूट एवढ्याने भरून निघत नाही, आणि उरलेले कारण सर्वांस ठाऊक आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा १९८८ सालीच केला, देशाचा कायदा १९९४ साली झाला. त्यानंतरचे हे आकडे आहेत.

गरिबीवर दोष ढकलण्याची सोयही येथे नाही. एकेकाळी खानदेशातच मोडणारा आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा पाहा. तेथे आदिवासींची वस्ती मोठी, दारिद्र्य अधिक, दवाखाने दूर. २०११ साली तेथे हजारामागे ९४४ मुली होत्या. म्हणजे रावेर-यावलच्या केळीच्या बागा आणि जळगावची सोन्याची पेठ ज्या जिल्ह्यात, तेथे लेक कमी; सातपुड्याच्या डोंगरात ती पुरेशी! जेथे यंत्रापर्यंत जाण्यास पैसा व रस्ता दोन्ही आहेत, तेथेच तूट मोठी. नंदुरबारच्या पाड्यांना आपण मागासलेले म्हणतो, त्या शब्दाचा फेरविचार करावयास हरकत नाही.

आखाजीच्या मुहूर्तावर सोन्याची किती उलाढाल झाली, याची बातमी दुसऱ्या दिवशी हटकून येते. त्या दिवशी किती लेकी माहेरी आल्या, याची कोणी देत नाही. श्रावणात कानबाईची स्थापना करणारे, वैशाखात गौराई मांडणारे हे आपले घर देवीस विन्मुख झालेले नाही, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. म्हणूनच हा हिशेब अधिक अवघड होतो. तूट ज्या घरांतून आली, त्यांतील पुष्कळ घरांत गौराईही मांडली जात असणार. पहिली मुलगी आनंदाने ‘लक्ष्मी आली’ म्हणून घेतली जाते. दुसऱ्या खेपेस मात्र सासू, नवरा आणि कधी कधी स्वतः आईसुद्धा मनात दुसरेच काही धरून असते. हे बोलणे माजघरात होते, देवघराच्या भिंतीपलीकडे.

२०११ नंतरची जनगणना लांबली. पुढील शिरगणती १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार असल्याचे जाहीर झाले आहे. २०११ च्या त्या ८४२ मुली तेव्हा सोळा ते बावीस वर्षांच्या असतील. त्यांतील काही जणी तोवर सासुरवाशिणी झालेल्या असतील, आणि लगेचच्या आखाजीला त्यांचे मुऱ्हाळी निघतील. त्यांच्याच वयाच्या हजार मुलग्यांची स्थळे पाहणारे वडीलधारे तेव्हा गावोगाव हिंडत असतील. गणतीदार दाराशी येईल तेव्हा तो घरातील प्रत्येक माणसाचे नाव, वय आणि स्त्री की पुरुष एवढे विचारील. जी आलीच नाही तिच्यासाठी त्याच्या तक्त्यात रकाना नसतो.